क्वेरी निर्दोष असते तेव्हा: डेटाबेस आणि त्याखालची फाइलसिस्टीम

मंडळी, डेटाबेस मंदावला की पहिला संशय क्वेरीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. कुठेतरी इंडेक्स नसतो, आकडेवारी शिळी झालेली असते, कुणीतरी लूपमधून हजार क्वेरी सोडत असतं. आज बोलायचंय ते उरलेल्या प्रकारांबद्दल. प्लॅन कालचाच आहे, डेटा साधारण तेवढाच आहे, सीपीयू निवांत बसलाय, तरी साध्या कमिटला, म्हणजे बदल पक्का करायला, अर्धा सेकंद लागतोय. किंवा सगळं सुरळीत चालू असताना ठरावीक अंतराने काही क्षण सगळंच गोठतंय. अशा वेळी क्वेरीकडे बघत बसण्यात दिवस जातो. उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसची देतो, कारण त्याच्या आतलं बरंच काही उघड दिसतं. मायएसक्यूएलचं जाता जाता सांगतो.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: एक्स्टफोर काढा, एक्सएफएस टाका. किंवा उलट. मला हा सल्ला फारसा पटत नाही. फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली कुठे-कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था; या दोन्ही डेटाबेससाठी उत्तम चालतात, आणि डेटा हलवण्यात एक रात्र घालवल्यावर दुखणं तसंच राहतं. कारण आपण मुळातला प्रश्नच विचारलेला नसतो: नेमकं काय थांबलंय? वाचन, लेखन, की सिंक? या तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

सिंक म्हणजे काय ते आधी पक्कं करू. प्रोग्राम फाइलमध्ये लिहितो तेव्हा ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये जातं, म्हणजे मेमरीत. राइट कॉल काही मायक्रोसेकंदांत परत येतो. वीज गेली तर ते गेलं. एफसिंक किंवा एफडेटासिंक केल्यावर कर्नल ते डिस्कला देतो आणि डिस्कला तिच्या स्वतःच्या कॅशमधूनही ते कायमच्या जागी उतरवायला लावतो. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला डेटाच्या मूळ फाइली लिहीत नाही. तो बदलांची नोंदवही, म्हणजे वॉल, लिहितो आणि तिचं सिंक झाल्यावरच तुम्हाला कमिट झालं असं सांगतो. लिनक्सवर त्यासाठी तो एफडेटासिंक वापरतो. म्हणजे एकट्या कनेक्शनचा कमिटचा वेग या एका कॉलला लागणाऱ्या वेळाने बांधलेला असतो.

हिशेब करून बघा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. नोंदवहीचं पुढचं पान लिहायला ती जागा पुन्हा डोक्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून एका कनेक्शनला सेकंदाला जास्तीत जास्त १२०च्या आसपास कमिट मिळतात. ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आदेशामागे आपोआप कमिट, चालू ठेवून एक लाख ओळी एकेक करून घातल्या, तर फक्त वाट बघण्यात चौदा मिनिटं जातात. त्याच ओळी एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये गुंडाळल्या तर काम सेकंदांत आटोपतं. इथे ना डिस्क बदलावी लागली ना फाइलसिस्टीम. अनेक कनेक्शनं एकाच वेळी कमिट करत असतील तर पोस्टग्रेस एका सिंकमध्ये अनेकांचं काम उरकतो, त्यामुळे एकूण आकडा वाढतो. पण एकेका वापरकर्त्याचं थांबणं मात्र तेवढंच राहतं.

एसएसडी आली म्हणजे हा प्रश्न सुटला, असं समजू नका. सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर कॅश उतरवण्यापुरते कपॅसिटर असतात, त्यामुळे ती सिंकला मायक्रोसेकंदांत हो म्हणू शकते. लॅपटॉपसाठीच्या स्वस्त एसएसडीत ते नसतात. तिला दर सिंकला खरोखर फ्लॅशवर लिहावं लागतं, आणि त्याला मिलिसेकंद लागू शकतात. खोक्यावर छापलेला लाखो आयओपीएसचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांचा, आकडा सिंकविना मोजलेला असतो. डेटाबेससाठी तो जवळजवळ निरुपयोगी.

आता मोजणी. पोस्टग्रेससोबत पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचा छोटा प्रोग्राम येतो. वेगवेगळ्या सिंक पद्धती तो प्रत्येकी पाच सेकंद चालवतो आणि सेकंदाला किती झाल्या, एकेकीला किती मायक्रोसेकंद लागले ते छापतो. यात नेहमी होणारी चूक अशी की लोक तो टेम्प फोल्डरातून चालवतात. तो प्रोग्राम चाचणीची फाइल चालू फोल्डरात बनवतो, आणि टेम्प कित्येक ठिकाणी टेम्पएफएसवर, म्हणजे चक्क मेमरीत असतो. तिथे सिंकला काही अर्थच नाही. एफ हा पर्याय देऊन फाइल त्याच फाइलसिस्टीमवर ठेवा जिथे वॉल आहे. आकडा वाईट आला तर कारण सापडलं. संशयास्पद चांगला आला तरी थांबा: साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला पाच हजार सिंक दिसत असतील तर मधली कुठलीतरी कॅश खोटं बोलतेय, आणि ते खोटं वीज गेल्यावर उघडं पडेल.

सरासरीवर मात्र समाधान मानू नका. एफआयओ या डिस्क-चाचणीच्या साधनाने ८ केबीचे तुकडे, प्रत्येकामागे एफडेटासिंक, असा भार काही मिनिटं चालवा आणि शेवटी छापलेल्या सिंकच्या पर्सेंटाइलच्या रांगेत ९९वा, म्हणजे शंभरातले ९९ सिंक ज्याच्या आत आटोपले तो वेळ, बघा. कुबरनेटीसच्या पोटातल्या एटसीडी या डेटाबेसच्या मार्गदर्शनात तो १० मिलिसेकंदांखाली असावा असं म्हटलंय. कुठल्याही व्यवहारी डेटाबेसला तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

चालू सर्व्हरवर बघायचं तर पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या तक्त्यात वेट इव्हेंटचे, म्हणजे कोण कशासाठी थांबलंय याचे, रकाने आहेत. एक मिनिटभर दर सेकंदाला त्यांचा नमुना घ्या आणि मोजा. डेटाफाइलरीड जास्त दिसलं तर वाचनाची अडचण. एक सेशन वॉलसिंकमध्ये आणि त्याच्यामागे दहा जण वॉलराइटच्या लॉकवर उभे दिसले तर सिंकची अडचण, आणि ते दहा जण निव्वळ रांगेत आहेत. ट्रॅक-आयओ-टायमिंग चालू करून एक्सप्लेन ॲनालाइझ बफर्स घेतलं तर क्वेरीच्या एकूण वेळातला किती वेळ वाचनात गेला तेही छापून येतं. क्वेरी ४ सेकंदांची आणि त्यात वाचन ३.८ सेकंद असेल, तर इंडेक्सवर वाद घालण्याआधी ती पानं कॅशमध्ये का नव्हती हे विचारा.

सर्व्हरच्या बाजूने आयओस्टॅट एक्स या पर्यायासह, एका सेकंदाच्या अंतराने चालवा. पहिला छापा सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, तो सोडून द्या. वाचनाचा, लेखनाचा आणि नव्या आवृत्त्यांत फ्लशचा, असे वेगवेगळे अवेट, म्हणजे एका विनंतीला लागलेले सरासरी वेळ, असतात. यूटिल, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती, या रकान्यावर फार विसंबू नका. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी एकाच वेळी कितीतरी विनंत्या घेते, त्यामुळे तिथे १०० टक्के दिसणं म्हणजे क्षमता संपली असं नाही. कर्नल ४.२० पासून प्रॉकच्या प्रेशर फोल्डरात आयओ नावाची फाइल मिळते. आयओसाठी, म्हणजे वाचन-लेखनासाठी, प्रक्रिया किती टक्के वेळ अडकून पडल्या हे ती थेट सांगते.

यानंतर जो टप्पा बहुतेक जण गाळतात तो सांगतो. कर्नलच्या आत डोकावणाऱ्या बीसीसी साधनांमध्ये एक्स्टफोरस्लोअर आणि एक्सएफएसस्लोअर आहेत. फाइलसिस्टीमच्या पातळीवर १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागलेला प्रत्येक रीड, राइट, सिंक ते प्रक्रियेच्या आणि फाइलच्या नावासकट दाखवतात. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत बायोलेटन्सी चालवा, ती डिस्कच्या पातळीवरचा वेळ दाखवते. वरच्या पातळीवर सिंकला २०० मिलिसेकंद आणि खाली एकेक विनंती २ मिलिसेकंदांच्या आत, असं चित्र दिसलं तर डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. एका सिंकच्या पोटात खूप विनंत्या आहेत, किंवा ते जर्नलवर, म्हणजे फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या नोंदवहीवर, अडकलंय. नवी डिस्क आणून हे सुटणार नाही.

जर्नलवर का अडकतं? एक्स्टफोर नेहमीच्या, म्हणजे ऑर्डर्ड पद्धतीत चालते तेव्हा फाइलींची माहिती, म्हणजे आकार, जागावाटप, नावं, ही आधी जर्नलमध्ये लिहिते. जर्नलचा एकच चालू व्यवहार असतो आणि त्यात सगळ्या फाइलींचे बदल एकत्र असतात. व्यवहार पूर्ण करण्याआधी नव्याने जागा मिळालेल्या फाइलींचा डेटा डिस्कवर गेलेला असावा लागतो. आता समजा त्याच फाइलसिस्टीमवर रात्री बॅकअप ५० जीबीची फाइल लिहितोय आणि तुमच्या डेटाबेसने एक एफसिंक मागितला. तुमचे बदल जेमतेम काही केबी, पण ते ज्या जर्नल व्यवहारात आहेत त्याच व्यवहारात बॅकअपचाही माल आहे. थांबा मग. आयओटॉपमध्ये जेबीडीटू नावाचा धागा वर सरकलेला दिसतो तो याचमुळे. एक्स्टथ्रीच्या काळात हे फारच वाईट होतं. २००८ साली फायरफॉक्स ३ आपला इतिहास एसक्यूलाइटमध्ये ठेवू लागला आणि त्याच्या एफसिंकपायी लिनक्सवर ब्राउझर अडखळू लागला, तेव्हा हा विषय सगळ्यांना कळला. एक्स्टफोरमध्ये तो बराच सौम्य झाला, गेला नाही.

यावर उपाय: वॉल वेगळ्या फाइलसिस्टीमवर. वेगळ्या फोल्डरात नव्हे, वेगळ्या फाइलसिस्टीमवर. नवा क्लस्टर बनवताना इनिटडीबीला वॉलडिर द्या. जुना असेल तर सर्व्हर बंद करा, पीजी-वॉल फोल्डर नव्या जागी हलवा, मालकी आणि परवानग्या तपासा, सिमलिंक करा, सुरू करा. मूळ डिस्क तीच असली तरी जर्नल वेगळं होतं, आणि नुसत्या तेवढ्यानेही फरक पडतो. बॅकअप, लॉग, एक्स्पोर्ट यांना तिथे फिरकू देऊ नका.

वॉलच्या फाइलींचीही गंमत बघण्यासारखी आहे. प्रत्येक तुकडा १६ एमबीचा, आधीच शून्यांनी भरून ठेवलेला, आणि काम झाल्यावर नाव बदलून पुन्हा वापरलेला. असं का? कारण जागा आधीच वाटलेली आणि आकार ठरलेला असला की एफडेटासिंकला फाइलच्या माहितीत काही बदल लिहावा लागत नाही. नुसता डेटा आणि एक फ्लश. जर्नलच्या रांगेत जायची वेळच येत नाही.

हीच युक्ती झेडएफएस आणि बीटीआरएफएसवर उलटते. या दोन्ही फाइलसिस्टीम जुन्या जागेवर कधी लिहीत नाहीत. बदल नव्या जागी लिहून मग पत्ता बदलतात. तिथे आधी शून्यं भरून ठेवणं म्हणजे दुप्पट लिहिणं. म्हणून पोस्टग्रेस १२ मध्ये वॉल-इनिट-झीरो आणि वॉल-रिसायकल असे दोन पर्याय आले. या फाइलसिस्टीमवर दोन्ही बंद ठेवा.

झेडएफएसवरची मोठी चूक मात्र दुसरीच. तिचा रेकॉर्डसाइझ मुळात १२८ केबी असतो, पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाचं १६ केबीचं. आठ केबीचं एक पान बदललं की पूर्ण १२८ केबी नव्या जागी लिहायचं, आणि ते कॅशमध्ये नसेल तर आधी वाचायचंही. म्हणजे सोळापट. इनोडीबीसाठी १६ केबी, पोस्टग्रेससाठी ८ किंवा १६ केबी ठेवा. मी पोस्टग्रेसलाही १६ पसंत करतो, कारण ८ वर कॉम्प्रेशनला फार वाव उरत नाही. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: रेकॉर्डसाइझ बदलल्याने जुन्या फाइली बदलत नाहीत. सेटिंग बदलून काही फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा डेटा पुन्हा लिहिलेलाच नसतो. डंप घेऊन परत भरा किंवा फाइली नव्या डेटासेटमध्ये कॉपी करा. झेडएफएसवर अर्धवट लिहिलेलं पान उरत नाही, म्हणून तिथे फुल-पेज-राइट्स, म्हणजे बदललेलं पान पूर्णच्या पूर्ण वॉलमध्ये लिहिणं, बंद करता येतं. एक्स्टफोर किंवा एक्सएफएसवर ते बंद करू नका. बीटीआरएफएसवर डेटाबेस ठेवायचाच असेल तर रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस सी करून मग फाइली आत बनवा. भरलेल्या फाइलींवर तो गुण नीट लागू होत नाही. त्यासोबत चेकसम, म्हणजे डेटा बिघडलाय का ते ओळखणाऱ्या बेरजा, जातात हेही मान्य करा.

आता ठरावीक अंतराने गोठण्याबद्दल. पोस्टग्रेसचा चेकपॉइंट मुळात दर पाच मिनिटांनी होतो. त्यात बदललेली पानं मूळ फाइलींत लिहिली जातात आणि शेवटी त्या फाइलींचं सिंक होतं. आवृत्ती १५ पासून लॉग-चेकपॉइंट्स आपोआप चालू असतं, आधीच्या आवृत्त्यांत स्वतः चालू करा. लॉगमधल्या ओळीत राइट, सिंक आणि लाँगेस्ट असे आकडे असतात. राइट २७० सेकंद दिसला म्हणून घाबरू नका. कम्प्लिशन टार्गेट ०.९ असतं, म्हणजे पाच मिनिटांच्या ९० टक्के वेळात काम मुद्दाम पसरवलेलं असतं. बघायचं ते सिंककडे. तो दोन-तीन सेकंदांच्या वर, किंवा लाँगेस्ट म्हणजे एका फाइलचा सिंक सेकंदाच्या वर जात असेल, तर कर्नलने लिखाण साठवून ठेवलं आणि शेवटी एकदम डिस्कवर लोटलं असं समजा.

कर्नल असं का करतो ते त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. डर्टी-बॅकग्राउंड-रेशो १० टक्के आणि डर्टी-रेशो २० टक्के. हे उपलब्ध मेमरीचे टक्के आहेत. ८ जीबीच्या मशिनवर ठीक, पण २५६ जीबीच्या सर्व्हरवर १० टक्के म्हणजे पंचवीस जीबीच्या आसपास न लिहिलेला माल साठल्यावर कर्नल जागा होणार. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्या: बॅकग्राउंड २५६ एमबी, वरची १ जीबी इथून सुरुवात करा. पोस्टग्रेस स्वतःही चेकपॉइंटच्या वेळी दर २५६ केबीनंतर कर्नलला लिहायला सांगतो, पण त्याच मशिनवरचे इतर प्रोग्राम तसं करत नाहीत.

लॉगमध्ये चेकपॉइंट फार वारंवार होत असल्याची सूचना दिसत असेल तर मॅक्स-वॉल-साइझ वाढवा. मुळातला १ जीबी भरपूर लेखन असलेल्या डेटाबेसला तोकडा पडतो. प्रत्येक चेकपॉइंटनंतर कुठल्याही पानाला पहिल्यांदा हात लागला की ते पूर्ण पान वॉलमध्ये जातं. चेकपॉइंट जितके जवळ, तितका वॉल फुगतो, आणि फुगलेला वॉल पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर आणतो. याची किंमत एकच: क्रॅशनंतर सावरायला जास्त वेळ लागेल.

क्लाउडवर बरेचदा फाइलसिस्टीमखालचा व्हॉल्यूमच हात आखडता घेत असतो. अमेझॉनचा जीपीटू प्रकार घ्या. जीबीमागे ३ आयओपीएस, शिवाय ३००० पर्यंत उसळी मारायला ५४ लाखांचं क्रेडिट. १०० जीबीच्या व्हॉल्यूमचा पाया ३०० आयओपीएस, तेव्हा पूर्ण उसळीत क्रेडिट ५४ लाख भागिले २७००, म्हणजे २००० सेकंदांत संपतं. तेहतीस मिनिटं सगळं झकास आणि मग वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर. रोज ठरावीक कामाला सुरुवात झाल्यावर अर्ध्या तासाने मंदावतं अशी तक्रार आली की आधी बर्स्ट बॅलन्सचा आलेख उघडा. जीपीथ्री घेतलात तर आकार काहीही असो, ३००० आयओपीएस पायाच मिळतो. दुसरा सापळा स्नॅपशॉटचा. स्नॅपशॉटमधून बनवलेल्या व्हॉल्यूमवर प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठ्यातून ओढून आणावा लागतो. उभा केलेला नवा सर्व्हर पहिले काही तास कासवगतीने चालतो तो यामुळे. वापरात आणण्याआधी पूर्ण व्हॉल्यूम एकदा वाचून काढा.

स्वतःच्या हार्डवेअरवर याचं भावंड म्हणजे रेड (RAID) कार्डाची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी. ती निकामी झाली की कार्ड गुपचूप राइट-बॅक (कॅशमध्ये घेऊन लगेच हो म्हणणं) सोडून राइट-थ्रू (डिस्कवर गेल्यावरच हो म्हणणं) पद्धतीत जातं, आणि एका रात्रीत कमिट मंदावतात. कार्डाच्या व्यवस्थापन साधनात चालू कॅश धोरण बघायला एक मिनिट लागतो.

छोट्या गोष्टी झटपट. नोएटाइम, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा माउंट पर्याय, लावा, पण चमत्काराची अपेक्षा नको, कारण कर्नल बरीच वर्षं ती वेळ क्वचितच नोंदवणारा रिलेटाइमच वापरतो. फाइलसिस्टीम ९० टक्क्यांवर भरू देऊ नका, झेडएफएसवर तर ८० लाच सावध व्हा. डॉकरमध्ये डेटा कंटेनरच्या थरात नको, व्हॉल्यूममध्ये ठेवा, नाहीतर खालच्या थरातल्या फाइलीला पहिल्यांदा लिहिताना ती अख्खी कॉपी होते. जुन्या पद्धतीचा एलव्हीएम स्नॅपशॉट बॅकअपनंतर काढायचा राहून गेला तर मूळ व्हॉल्यूमवरचं लेखन मंदावतं, एलव्हीएस चालवून खात्री करा. आणि दर सोमवारी मध्यरात्रीनंतर गडबड होत असेल तर एफएसट्रिमचा, म्हणजे एसएसडीला मोकळ्या जागा कळवणाऱ्या कामाचा, टायमर बघा, सिस्टमडीमध्ये त्याची साप्ताहिक वेळ तीच आहे.

शेवटी धोकादायक उपायांबद्दल. एफसिंक ऑफ केलं की आकडे सुंदर दिसतात, आणि वीज गेली की डेटाबेस दुरुस्तीपलीकडे जाऊ शकतो. डिस्कला तिची कॅश उतरवायला न लावणारा नोबॅरियर हा माउंट पर्यायही त्याच जातीचा. एक्सएफएसने तो कर्नल ४.१९ मध्ये काढूनच टाकला, बरं झालं. शेवटचे काही क्षण गमावले तरी चालतील असं काम असेल, लॉग, मोजमापं वगैरे, तर सिंक्रोनस-कमिट ऑफ करा. हे एका ट्रॅन्झॅक्शनपुरतंही करता येतं. मुळातल्या सेटिंगवर जास्तीत जास्त सुमारे ६०० मिलिसेकंदांचे कमिट जातील, पण डेटा बिघडणार नाही. मायएसक्यूएलमध्ये याच्या जवळचं म्हणजे फ्लश-लॉग-ॲट-ट्रॅन्झॅक्शन-कमिट २ करणं, त्यात वीज गेल्यास साधारण एका सेकंदाचे व्यवहार जातात. तिथे बिनलॉगचंही, म्हणजे बदलांच्या आणखी एका नोंदवहीचंही, सिंक वेगळं असतं, म्हणून एका कमिटमागे एकाहून जास्त सिंक मोजा.

सिंक मंद होण्याऐवजी अयशस्वी झालं तर? २०१८ साली पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंकने चूक परत दिल्यावर पुन्हा एफसिंक केलं तर ते यशस्वी म्हणून परत येऊ शकतं, प्रत्यक्षात पानं मात्र लिहिली गेलेली नसतात. कर्नल ती पानं स्वच्छ म्हणून खूण करून मोकळा झालेला असतो. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत नाही. तो पॅनिक करून बंद होतो आणि उठताना वॉलमधून सगळं पुन्हा लिहितो. डेटा-सिंक-रीट्राय हा पर्याय चालू करून ही वागणूक बदलता येते, पण करू नका. लॉगमध्ये असा पॅनिक दिसला की सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करण्याआधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडून आयओ एररच्या ओळी शोधा, खालचा थिन व्हॉल्यूम भरलाय का ते बघा, आणि डेटा फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.